सह्याद्रीच्या माथ्याची पाहणी

पौड मागे टाकून पश्चिमेकडे निघालेला रस्ता मुळशीच्या जलाशयाच्या कडेकडेने ताम्हिणीपर्यंत जातो आणि तेथे देशावरची भूमी एकाएकी संपून कोकणाची खोल दरी समोर उघडते. नैर्ऋत्य मोसमी वारा समुद्रावरून निघाल्यावर त्याला पहिला मोठा अडसर होतो तो याच कड्याचा. अडवलेला वारा कड्यावरून वर चढतो, चढताना थंड होतो आणि आपल्याजवळचे पाणी माथ्यावर व माथ्यापलीकडच्या अरुंद पट्ट्यात इतक्या उदारपणे सांडतो, की ताम्हिणीचे नाव राज्यातील सर्वाधिक पर्जन्याच्या गावांत दरवर्षी निघते. याच पट्ट्यात उगम पावणाऱ्या नीला, मुळा यांसारख्या नद्या समुद्र हाकेच्या अंतरावर असताना त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला वळतात आणि भीमा-कृष्णेच्या सोबतीने सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतात. भरपूर पाऊस, पूर्ववाहिनी नद्या, पश्चिमेला सुमारे ५०० मीटरांचा उभा कडा आणि त्या कड्यावर आदळणारा वारा, असा हा योग आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत वीज निर्माण करण्यासाठी जागा शोधणाऱ्यांची दृष्टी पुन्हापुन्हा याच धारेवर येऊन स्थिरावली, प्रथम पाण्यासाठी आणि पुढे वाऱ्यासाठी. त्या निवडी कशा झाल्या, कोणत्या गोष्टी मोजून झाल्या आणि कोणत्या गोष्टी मोजणीबाहेर राहिल्या, याचा इतिहास मुळशीपासून सांगायला हवा, कारण जागेची निवड आणि जागेवरच्या माणसाचा हक्क यांचा झगडा आपल्याकडे सर्वांत आधी व सर्वांत स्पष्टपणे मुळशीच्या खोऱ्यात उभा राहिला.

सह्याद्रीवरचा पाऊस कोंडून त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवाव्यात, ही कल्पना मुंबईतील डेव्हिड गॉसलिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. मुंबईच्या गिरण्या तेव्हा दूरदेशीहून येणाऱ्या महागड्या कोळशावर आणि त्याच्या धुरात चालत होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कल्पनेचे मोल कळते. जमशेटजी १९०४ साली निवर्तले, परंतु त्यांच्या मुलांनी काम पुढे नेले. लोणावळ्याजवळ वळवणच्या कामाची कोनशिला १९११ च्या फेब्रुवारीत बसली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीच्या विद्युतगृहातून मुंबईकडे वीज निघाली. त्यापाठोपाठ १९१६ साली आंध्रा खोऱ्यासाठी स्वतंत्र कंपनी निघून ठोकरवाडीचे धरण आणि १९२२ साली भिवपुरीचे विद्युतगृह झाले. आणि मुळशीच्या योजनेसाठी १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. तिन्ही ठिकाणी युक्ती एकच होती. पूर्वेकडे वाहणारी नदी माथ्यावर अडवायची, तिचे पाणी बोगद्याने डोंगराच्या पोटातून पश्चिमेला काढायचे आणि नळांतून कोकणात सोडायचे. नदीचे तोंड असे फिरवण्यात स्थापत्यशास्त्राचा फार मोठा पराक्रम होता, हे कोणीही मोकळ्या मनाने मान्य करावे.

अभियंत्याच्या दृष्टीने मुळशीची जागा निर्दोषच होती. पर्जन्यमापकांच्या नोंदी भरघोस होत्या, दोन नद्यांचे पाणी एका ठिकाणी मिळत होते, डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊन धरणाला खांदा देत होते, आणि कुंडलिकेच्या खोऱ्यात पाणी जेथे टाकायचे ते भिरा गाव कड्याच्या थेट पायथ्याशी होते. योजनेच्या नकाशावर जो भाग निळ्या रंगाने भरावयाचा होता, त्यात मात्र पन्नासहून अधिक गावे आणि सुमारे ११,००० माणसे होती. शिवकालातील बारा मावळांपैकी हा मुलूख. येथला शेतकरी स्वतःला मावळा म्हणवत असे आणि त्याच्या खाचरांत पिकणाऱ्या आंबेमोहोराचा वास पुण्याच्या बाजारात ओळखीचा होता.

खाचर म्हणजे काय, हे ज्याने डोंगराळ मुलखात भात लावलेले पाहिले नाही त्याला थोडे विस्ताराने सांगायला पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या कथेची किल्ली त्यात आहे. उतारावरचे दगड वेचून बांध घालायचा, पावसाने वाहून येणारी माती त्या बांधाआड पिढ्यान्पिढ्या साचू द्यायची, ती समपातळीत आणायची, आणि एका खाचरातले पाणी दुसऱ्यात उतरेल अशी वाट ठेवायची. अशा कष्टाने एकेका घराचे दहा-वीस गुंठे सिद्ध होत. परंतु केवळ खाचरावर भात येत नाही. रोपांसाठी आधी दाढ भाजावी लागते. डोंगरउतारावरच्या ऐनाच्या आणि इतर झाडांच्या टहाळ्या, गवत, पालापाचोळा आणि शेण यांचे थर लहानशा तुकड्यावर रचून, वर मातीचा पातळ थर देऊन, पावसाआधी ते पेटवायचे आणि त्या भाजलेल्या भुईत बी फेकायचे. आषाढात तेथून रोप उपटून, चिखलणी केलेल्या खाचरात लावणी करायची. म्हणजे खालच्या एका खाचराला वरचा कितीतरी पट डोंगर लागत असे. जमाबंदीच्या कागदांत त्या डोंगरउताराचे नाव ‘वरकस’ असे. त्याच्यावर आकार नाममात्र, कारण पीक मिळे ते नाचणी-वरईचे. एक-दोन वर्षे नाचणी व वरई, मग कारळे, आणि मग काही वर्षे जमीन पडीक ठेवायची. मोजणीदाराला ती पडीक दिसली की कागदावर तिची किंमत संपली. शेतकऱ्याच्या हिशेबात मात्र ती दाढेची, चराईची, सरपणाची आणि अडीअडचणीच्या वर्षी पोटाची जमीन होती. सरकारी दप्तर आणि शेतकऱ्याचा हिशेब यांच्यात पडलेली ही फट मला आपल्या ग्रामीण इतिहासातील अत्यंत महत्त्वाची गोष्ट वाटते. तिच्याकडे दुर्लक्ष करून केलेली प्रत्येक पाहणी पुढे कोणाच्या तरी अन्नावर येते.

मुळशीत जमिनी घेण्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा लावण्यात आला. खाजगी कंपनीचे काम सार्वजनिक कारण म्हणून कायद्यात बसवता येत होते आणि ते बसवले गेले. रयतेच्या विरोधाला १९२० पासून आकार येऊ लागला, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या कामावर शेकडो मावळे ठाण मांडून बसले. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शिवरामपंत परांजपे, न. चिं. केळकर अशी पुण्यातील मंडळी त्यांच्या पाठीशी होती. गांधीजींनीही त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’त टाटांना उद्देशून लिहिले. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा होती. काम काही महिने थांबले आणि पुन्हा सुरू झाले. मग धरपकड, शिक्षा, दंड यांचे सत्र चालले. बापटांनी तुरुंगातून सुटून पुन्हा लढा उभारला. १९२४ च्या अखेरीस कंपनीच्या कामाची आगगाडी अडवल्याबद्दल त्यांना ७ वर्षांची सजा झाली. सेनापती ही पदवी महाराष्ट्राने त्यांना दिली ती याच मुळशीच्या निमित्ताने.

हा लढा का हरला, याची कारणे केवळ सरकारच्या दंडुक्यात शोधून चालणार नाही. खोऱ्यातील पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण वा खरेदीने गेलेली होती. कसणारा मावळा त्या सावकाराचे कूळ होता. सरकारी कागदावर मालक म्हणून ज्याचे नाव, त्याला मोबदल्याचा आकडा महत्त्वाचा होता. ज्याचे नाव कागदावर नव्हते, त्याला जमीन महत्त्वाची होती. वाटाघाटींचा भर मोबदल्यावर येत गेला, तेव्हा जमीन नको म्हणणाऱ्याची आणि भाव वाढवून मागणाऱ्याची वाट वेगळी झाली. ज्याची वहिवाट त्याच्याशी बोलणे झाले नाही, ज्याचा दस्तऐवज त्याच्याशी झाले. १९२७ साली धरण भरले आणि भिऱ्याचे विद्युतगृह चालू झाले. मुंबईच्या गिरण्यांना, दिव्यांना आणि आगगाड्यांना त्या विजेने मोठे बळ दिले, आणि भिऱ्याला आजही वीज निर्माण होते. मावळे उरलेल्या डोंगरावर, आजूबाजूच्या गावांत आणि पुण्या-मुंबईच्या मजुरीत विखुरले. खाचर पाण्याखाली गेल्यावर वरचा वरकस डोंगर जेथे शिल्लक राहिला, तेथे तोच आता मुख्य शेत झाला.

वाऱ्याची गोष्ट याच मुळा नदीच्या खालच्या अंगाला, पुण्यात सुरू होते. हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या परिसराला जुने पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तेथे १९४८ साली अ‍ॅना मणी रुजू झाल्या. सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या या विदुषीने हवामानाची उपकरणे परदेशातून आणण्याऐवजी येथेच बनवण्याचे आणि ती एकमेकांशी ताडून पाहण्याचे काम हाती घेतले. चुकीच्या उपकरणाने केलेली नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट, या निष्ठेने त्यांनी आयुष्यभर काम केले. निवृत्तीनंतर, १९८३ साली, द. अ. मुळे यांच्यासमवेत त्यांनी भारतातील वाऱ्याच्या सामग्रीचा ग्रंथ सिद्ध केला आणि पुढे देशभर मनोरे उभारून वाऱ्याची पाहणी करण्याच्या कामाचे नेतृत्व केले. पवनचक्कीसाठी जागा कोठे आहे, या प्रश्नाला आपल्या देशात जे पहिले विश्वसनीय उत्तर मिळाले, ते या पाहणीतून.

ही पाहणी साधी दिसते, पण अतिशय चिकाटीची असते. उघड्या माथ्यावर तारांनी चहूबाजूंनी ताणून धरलेला लोखंडी मनोरा उभा करतात. त्याच्या टोकाशी वाऱ्याने गरगरणाऱ्या तीन वाट्या वेग मोजतात आणि शेजारचे पाते दिशा दाखवते. आरंभीचे मनोरे २०-२५ मीटर उंच होते, पुढे ५० मीटर आणि त्याहूनही उंच झाले. किमान वर्षभर, शक्य तर अधिक, नोंद घ्यावी लागते, कारण आपल्याकडचा वारा बारमाही नाही. मे ते सप्टेंबर त्याचे दिवस, आणि हिवाळ्यात तो बराच मंदावतो. शिवाय वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. त्यामुळे वेगाच्या मोजणीतली थोडी चूकही उत्पन्नाच्या अंदाजात फार मोठी होऊन बसते. डोंगराच्या रुंद, सपाट आणि झाडे विरळ असलेल्या माथ्यावर वारा दाबला जाऊन वेग घेतो. दरीत, गर्द रानात किंवा तुटक सुळक्यांच्या आड तो भोवऱ्यांत फुटतो आणि पाती झिजवतो. महाराष्ट्रातील पहिले प्रयोग १९८६ च्या सुमारास कोकण किनाऱ्यावर, देवगडसारख्या ठिकाणी झाले. पुढे मोजणीने दाखवले, की मोठा वारा किनाऱ्याच्या वर, घाटमाथ्याच्या सड्यांवर आहे. पाटण तालुक्यातील वनकुसवडे आणि साताऱ्याजवळचे चाळकेवाडी येथील पठारांवर १९९० च्या दशकाच्या अखेरीस पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहू लागल्या. वनकुसवड्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच आहे आणि त्याच्या पायथ्याशी कोयनेचा शिवसागर पसरला आहे.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या काळात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळत असे. नफ्यावरचा कर वाचवण्यासाठी दूरच्या कारखानदारांनी चक्क्यांत पैसे घातले. ज्याला वीज विकण्यापेक्षा घसारा दाखवायचा आहे, त्याला वाऱ्याची दीर्घ मोजणी हा उशीर वाटतो. रस्ता जवळ, तारेचे केंद्र जवळ आणि जमीन स्वस्त एवढे झाले म्हणजे जागा पसंत पडते. शास्त्राने सांगितलेली योग्यता आणि व्यवहाराने ठरवलेली योग्यता यांत अंतर पडले ते असे. पुढे सवलत उत्पादनाशी जोडण्याचे प्रयत्न झाले, आणि ते योग्यच होते.

आता मूळ सूत्राकडे येतो. पुणे जिल्ह्यात पवनचक्क्या आल्या त्या मुळशीच्या उत्तरेस, मावळ आणि खेड तालुक्यांच्या डोंगरमाथ्यांवर. आणि त्या योजनेला नाव मिळाले ‘आंध्रा लेक’. म्हणजे ठोकरवाडीच्या ज्या जलाशयासाठी १९१६ नंतर आंदर मावळातली खाचरे घेतली गेली, त्याच जलाशयाच्या वरच्या डोंगरांची निवड जवळपास शंभर वर्षांनी वाऱ्यासाठी झाली. कोयनेवर वनकुसवडे, आंध्रेवर हे डोंगर. पाण्याने निवडलेल्या खोऱ्याच्या काठावरच वारा आपली जागा घेतो, याला कारण तोच कडा आणि तोच मोसमी प्रवाह. फरक एवढाच, की पाण्याने गावातील सर्वांत चांगली जमीन मागितली आणि वाऱ्याने दप्तरातली सर्वांत हलकी. वरकस, पडीक, गायरान, राखीव वन असे शब्द ज्या गटांपुढे लिहिलेले, तेच गट चक्कीला लागले. म्हणून वाऱ्याची योजना निरुपद्रवी वाटते. कोणाचे घर बुडत नाही, मनोऱ्याला काही गुंठेच पुरतात. परंतु तीस-चाळीस मीटरांचे पाते आणि ते चढवणारी अजस्र यारी माथ्यावर न्यायची, तर डोंगर कापून रुंद रस्ता काढावा लागतो, आणि जमिनीचे खरे नुकसान त्या रस्त्याने होते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञगटाने २०११ च्या अहवालात भीमाशंकर अभयारण्याला लागून असलेल्या या डोंगरांवरची स्थिती नोंदवली आहे: सदाहरित वनाची तोड, निकृष्ट आखणीच्या रस्त्यांमुळे झालेली धूप व दरडी, खालच्या शेतात आणि जलाशयांकडे वाहून जाणारा राडारोडा, आणि ज्या डोंगरावर गावकरी पिढ्यान्पिढ्या जात होते तेथे त्यांना अडवणाऱ्या चौक्या. शेकरू हा आपला राज्यप्राणी त्याच रानाचा रहिवासी. या अहवालाच्या इतर शिफारशींवर पुष्कळ वाद झाले. ही नोंद मात्र, वरकस जमिनीचे मोल माहीत असलेल्या कोणालाही, आपल्या जुन्या ओळखीची वाटेल.

उघड्या सड्यावरही ‘येथे काही नाही’ असे म्हणणे चूक ठरले आहे. चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. आणि त्या पक्ष्यांचे भय सरल्यामुळे दगडांवर बसून गळ्याची निळी-काळी-नारिंगी झालर फुलवणारे तेथले सरडे संख्येने वाढले, त्यांच्या रक्तातील ताणाचे द्रव्य कमी झाले आणि माणूस जवळ येईपर्यंत ते पळेनासे झाले. पात्यांनी पक्षी मरतात, एवढीच आपली समजूत होती. चक्की स्वतः जणू वरचा शिकारी होऊन सगळी साखळी हलवते, हे त्या पठाराने शिकवले. जागेच्या पाहणीत वेगमापकाशेजारी पक्ष्यांची वहीही असावी, असे यावरून वाटते.

दुष्काळी तालुक्यांत चक्क्यांमुळे ढग पळतात आणि पाऊस कमी होतो, असा समज एके काळी फार पसरला होता. पाऊस ठरवणारे ढग या पात्यांच्या कितीतरी वर असतात आणि मोसमी पावसाचे कारण हजारो मैलांवरच्या समुद्रात असते, म्हणून तो समज टिकणारा नव्हता. पण तो उगाच निघाला असेही मला वाटत नाही. आपल्या डोंगरावर आपल्याला न विचारता काही प्रचंड वस्तू उभी राहते, तिची वीज आपल्या वाडीत येत नाही, आणि त्याच वर्षी पीक जाते. अशा माणसाला कारणाचा शोध जवळच्या डोंगरावर घ्यावासा वाटला, तर दोष त्याच्या बुद्धीचा नाही. वाऱ्याचा वेग वर्षभर मोजणाऱ्यांनी एखादी संध्याकाळ चावडीवर बसून आपल्या मनोऱ्यावरच्या वाट्या काय मोजतात हे सांगितले असते, तर बराच गैरसमज टळला असता.

वाऱ्याच्या विजेची गरज आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. कोळशाची राख आणि तापणारे ऋतुमान पाहता घाटमाथ्याचा वारा वाया घालवणे परवडणारे नाही. आणि आज घाटाच्या पूर्वेकडील कोरड्या पठारांवर, अधिक उंच मनोऱ्यांमुळे, पूर्वी दुर्बळ ठरलेला वाराही उपयोगी होऊ लागल्याने घनदाट रानाला हात लावण्याचे कारणही उरलेले नाही. प्रश्न आहे तो पाहणीत काय धरायचे याचा. जमिनीच्या गटापुढे वरकस असे लिहिलेले असले, तर तेथून कोणाची दाढ भाजली जाते, कोणाची गुरे चरतात, कोणती वाट कोणत्या वाडीची आहे, याची पृच्छा वाऱ्याच्या मोजणीबरोबरच व्हायला हवी, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाकडेही ती व्हायला हवी.

कायद्याने यातला काही भाग साधला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्पिढ्यांच्या वहिवाटीला प्रथमच लेखी मान्यता दिली, आणि वनजमीन दुसऱ्या कामाला देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, असे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये परिपत्रकाने सांगितले. १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन त्याच्या जागी १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आला. त्यात जमीन नसलेल्या पण जमिनीवर जगणाऱ्या कुटुंबांचाही विचार आहे. परंतु पवनचक्कीची जमीन बहुधा संपादनाने घेतली जात नाही. मध्यस्थामार्फत खरेदीखताने किंवा भाडेपट्ट्याने घेतली जाते, आणि तेथे नवा कायदा सहसा लागत नाही. शिवाय २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेच्या परिशिष्टात धरणे, खाणी, औष्णिक केंद्रे आहेत, वाऱ्याची वीज नाही. त्यामुळे डोंगरमाथा वनखात्याचा नसून कोणाच्या सातबाऱ्यावरचा वरकस असेल, तर तेथे चक्क्यांची रांग उभी करण्यापूर्वी जाहीर सुनावणी घेण्याचे बंधन आजही कोणावर नाही. ही उणीव परिशिष्टात एका नोंदीची भर घालून दूर होण्यासारखी आहे.